माणसाचे वेगळेपण लहान मुलांना कसे सांगावे

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



पहिली-दुसरीच्या वर्गात पाळीव प्राणी, रानटी प्राणी, पक्षी आणि किडामुंगी यांचा पाठ संपत आला की एखादे मूल हमखास विचारते, "गुरुजी, माणूसपण प्राणीच का?" प्रश्न साधा असतो, पण त्याचे उत्तर देताना भलेभले शिक्षक घाई करतात. पाठ पुरा करावयाचा असतो, शेजारच्या ओळीत दुसऱ्या इयत्तेची मुले गणिते सोडवून तपासणीची वाट पाहत असतात. तेव्हा "माणसाला बुद्धी असते, तो बोलतो, तो हत्यारे करतो, म्हणून तो सर्व प्राण्यांत श्रेष्ठ" असे एक वाक्य फळ्यावर उमटते, मुले ते उतरवून घेतात आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो मिटत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या कानी गेलेली व्याख्या पुढे साठ वर्षे त्याच्याजवळ राहते. रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारताना ती त्याच्याजवळ असते, आणि आळीतल्या एखाद्या न बोलणाऱ्या पोराकडे पाहतानाही असते. म्हणून फळ्यावरच्या त्या एका वाक्याची झाडाझडती घेणे अगत्याचे आहे.

माणसाची व्याख्या करण्याचा खटाटोप फार जुना आहे. आपल्याकडील सुभाषितकारांनी आहार, निद्रा आणि भय ही पशूंना व माणसांना समानच आहेत असे सांगून धर्म हा माणसाचा विशेष ठरविला. ग्रीस देशात प्लेटो या तत्त्ववेत्त्याने माणूस म्हणजे पिसे नसलेला द्विपाद प्राणी अशी व्याख्या केली, तेव्हा डायोजिनिस नावाच्या एका फटकळ गृहस्थाने एक कोंबडा सोलून पाठशाळेत आणला आणि "हा घ्या प्लेटोचा माणूस" असे म्हटले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, वर्गात सांगण्याजोगी आहे. मुले पोट धरून हसतात आणि हसता हसता एक गोष्ट शिकतात की, एखादे लक्षण धरून कुंपण घातले की कोणी तरी भलताच आत येतो. शिक्षकाने मात्र त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. त्याच कुंपणाबाहेर कोणी तरी आपलाच राहून जातो. पहिली चूक ज्ञानाची असते, दुसरी चूक माणुसकीची असते, आणि वर्गात दुसरी अधिक महाग पडते.

प्रथम हत्यारांचे घेऊ. माणूसच काय तो हत्यार करतो, ही समजूत विद्वानांतही दीर्घकाळ दृढ होती. १९६० साली पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियातील गोंबे येथील अरण्यात, जेन गुडाल या तरुण संशोधिकेने एका चिंपांझीला वारुळापाशी बसलेला पाहिले. त्याने गवताची काडी वारुळाच्या छिद्रात घातली, थोडा वेळ थांबून अलगद बाहेर काढली आणि काडीला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपून खाल्ली. पुढे असेही दिसले की, डहाळी हवी तशी नसली तर तो तिची पाने ओरबाडून ती नीट करून घेतो. ही वार्ता ऐकून गुडाल यांचे मार्गदर्शक लुई लीकी यांनी, आता एक तर हत्याराची व्याख्या बदलावी लागेल, नाही तर माणसाची, नाही तर चिंपांझीला माणसांत घ्यावे लागेल, अशा आशयाचा अभिप्राय दिला होता. त्यानंतर २००२ साली ऑक्सफर्ड येथील बेट्टी नावाच्या कावळ्याच्या मादीने सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि नळीत अडकलेली खाद्याची छोटी बादली त्या आकड्याने वर काढली. ही मादी न्यू कॅलिडोनिया बेटावरील जातीची होती, आणि त्या जातीचे कावळे रानातही काटक्यांचे आकडे करून झाडाच्या ढोलीतील अळ्या काढतात.

परंतु यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला लोंबणारा खोपा सर्व मुलांनी पाहिलेला असतो. पक्ष्याचे नाव सुगरण असले तरी तो खोपा विणतो नर, हे सांगितले की मुली विशेष खूश होतात. शिंपी पक्षी पानाच्या कडांना भोके पाडून कापसाच्या वा कोळिष्टकाच्या धाग्याने ती पाने टाचतो. वारुळातील वाळवी तर चक्क शेती करते. ती चघळलेल्या काडीकचऱ्याचे वाफे करून त्यांवर बुरशी वाढविते, आणि पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते ती त्याच शेताची असते. जी मुले भर पावसात अळंबी शोधत हिंडतात, त्यांना "प्राण्यांना काही करता येत नाही" असे सांगणारा शिक्षक स्वतःची किंमत कमी करून घेतो. मुलाने डोळ्यांनी पाहिलेले आणि गुरुजींनी फळ्यावर लिहिलेले यांत मेळ नसेल, तर मूल पुढे दोहोंपैकी एकावरचा विश्वास टाकून देते. फार वेळा ते बिचारे आपल्या डोळ्यांवरचाच विश्वास टाकते, ही त्यातील खेदाची बाब.

आता वाणीचे. मधमाशी पोळ्यावर नाचून आपल्या बहिणींना फुलांची जागा सांगते. त्या नाचाच्या दिशेवरून सूर्याच्या अनुरोधाने वाट कळते व नाचाच्या लांबीवरून अंतर कळते. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने हे उलगडून दाखविले आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. केनियातील व्हर्वेट जातीची माकडे बिबट्या, गरुड आणि साप या तीन शत्रूंसाठी तीन निरनिराळे आवाज काढतात. पहिला आवाज ऐकताच कळप झाडावर चढतो, दुसऱ्या आवाजाने वर आकाशाकडे पाहतो, आणि तिसऱ्याने मागल्या पायांवर उभे राहून गवतात शोध घेतो. १९८० साली हे ध्वनिमुद्रणे ऐकवून सिद्ध करण्यात आले. ताडोबा-मेळघाटच्या बाजूच्या शिक्षकांना तर हे नवे नाही. झाडावरून वानराने खाकरून सूचना दिली की खाली चरणारी चितळे कान टवकारतात.

मग माणसाच्या भाषेत निराळे ते काय? हे शोधण्यास मुलांनाच लावावे. एका मुलाने कालची गोष्ट सांगावी: "काल आजीकडे गेलो होतो." दुसऱ्याने उद्याची सांगावी. तिसऱ्याने न घडलेली सांगावी: "पाऊस आला नसता तर जत्रेला गेलो असतो." चौथ्याने कधीच न घडणारी सांगावी: "बैल झाडावर चढला आणि त्याने पेरू खाल्ला." वर्गात हशा पिकेल. मग विचारावे, की मधमाशीला यांपैकी कोणते सांगता येईल? मधमाशी दूरच्या फुलाची खबर देते, हे खरे. परंतु फुले नव्हतीच असे ती नाचून सांगत नाही, आणि झाडावर चढलेल्या बैलाची गोष्ट तर तिच्या गावीही नसते. जे समोर नाही, जे घडले नाही, जे घडणारही नाही, ते मोजक्या शब्दांच्या नव्या नव्या जुळणीने दुसऱ्याच्या मनात उभे करणे, हे माणसाच्या भाषेचे वैशिष्ट्य होय. थाप मारणारे पोर या शक्तीचाच उपयोग करीत असते. पण हे त्याला त्याच दिवशी सांगू नये.

येथे एक धोक्याचे वळण आहे. "माणूस बोलतो, म्हणून तो माणूस" हे वाक्य ज्या वर्गात उच्चारले जाते, त्या वर्गात ऐकू न येणारे किंवा बोलू न शकणारे एखादे मूल असू शकते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने अशा मुलाचे स्थान गावच्या शाळेतच आहे असे ठरविले. ते मूल गुरुजींच्या ओठांकडे पाहत असते. आणि त्याला समजले नाही तरी शेजारच्याला समजते. मधल्या सुट्टीत त्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारली जाते, ते शिक्षकाने जरा कान देऊन ऐकावे. ते नाव पुष्कळदा सकाळच्या पाठातून आलेले असते.

खरे पाहता भाषा घशात नसते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात १९७७ पर्यंत बहिरी मुले आपापल्या घरी एकेकटी वाढत. प्रत्येक घरात आईला कळतील एवढ्या चार-दोन खुणा होत्या, त्यापलीकडे काही नव्हते. त्या वर्षी राजधानी मानाग्वा येथे अशा मुलांची शाळा सुरू झाली, १९८० साली एक उद्योगशाळाही निघाली, आणि थोड्याच वर्षांत शेकडो मुले एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकविण्याची शिकस्त करीत होते आणि त्यांच्या पदरी निराशा येत होती. पण पटांगणात आणि घरी जाण्याच्या गाडीत मुलांचे हात भराभर चालत होते. प्रत्येकाच्या घरच्या खुणा एकत्र आल्या, त्यांत भर पडत गेली, आणि पाठीमागून आलेल्या अगदी लहान मुलांनी त्या खुणांना नियम लावले. १९८६ साली ज्युडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विदुषी तेथे आल्या, आणि पुढील अभ्यासात असे दिसून आले की मुलांनी एक नवी, संपूर्ण, व्याकरणबद्ध भाषा निर्माण केली आहे. तिच्यात कालची गोष्ट सांगता येते, उद्याची सांगता येते, थापही मारता येते. ही भाषा कोणा पंडिताने रचली नाही, आणि कोणा एका मुलानेही रचली नाही. एकट्या घरी असताना त्यांच्यापैकी कोणासही ती साधली नव्हती. चार मुले जमली, खेळली, भांडली, तेव्हा ती जन्मास आली. माणसाच्या वेगळेपणाचा धागा कोठे शोधावा, याचा पहिला सुगावा येथे लागतो.

तिसरे लक्षण बुद्धीचे. याविषयी फार बोलण्याचे कारण नाही, कारण फळ्यावरील वाक्यात हा शब्द सर्वांत भारदस्त असला तरी सर्वांत पोकळही आहे. जपानमधील क्योतो विद्यापीठात आयुमु नावाच्या एका तरुण चिंपांझीपुढे पडद्यावर क्षणभर अंक चमकवून झाकून टाकीत, आणि तो त्यांच्या जागा चढत्या क्रमाने अचूक दाखवी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्याने विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस मागे टाकले. पुरेसा सराव मिळाल्यावर माणसेही तेवढी मजल गाठतात असे पुढे दिसले, तेही सांगितले पाहिजे. पण ज्याला सातचा पाढा काही केल्या आठवत नाही, अशा मुलाने हे वाक्य वाचले तर त्याने काय समजावे? बुद्धीच्या मापाने माणूसपण मोजू लागले म्हणजे मागल्या बाकावर बसणाऱ्यांचे माणूसपण कमी भरते.

एवढे कुंपण मोडल्यावर मुले विचारतील, "मग माणूस आणि माकड सारखेच?" तसेही नव्हे. दोहोंमध्ये मोठे अंतर आहे आणि ते नाकारणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. ते अंतर कोठे आहे, हे दाखविणारा एक सुंदर प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. युगांडातील आश्रयस्थानात वाढलेल्या चिंपांझींना आणि स्कॉटलंडमधील तीन-चार वर्षांच्या मुलांना एक पेटी दाखविण्यात आली. दाखविणाऱ्याने प्रथम पेटीच्या माथ्यावरील छिद्रात काडी खुपसली आणि नंतर पुढच्या छिद्रात काडी घालून आतील खाऊ काढला. पेटी अपारदर्शक होती तेव्हा चिंपांझींनी आणि मुलांनी दोन्ही क्रिया केल्या. नंतर तशीच पारदर्शक पेटी आणली. आता स्पष्ट दिसत होते की माथ्याचे छिद्र खाऊपर्यंत पोचतच नाही. चिंपांझींनी पहिली क्रिया सोडून दिली आणि सरळ खाऊ काढला. मुलांनी मात्र तीही निरर्थक क्रिया पुन्हा तशीच, मन लावून केली.

वरवर पाहता येथे चिंपांझी शहाणा ठरला आणि माणसाचे पोर भोळे. पण जरा विचार करावा. दहीहंडीच्या थरापासून अक्षर घोटण्यापर्यंत, पेरणीपासून कणीक मळण्यापर्यंत माणसाच्या किती तरी कृती अशा आहेत की, करणाऱ्यास त्यांचे कारण ठाऊक नसते. तरीही त्या केल्यावाचून काम साधत नाही. मूल प्रथम विश्वास ठेवते, सर्व काही जसेच्या तसे उचलते, आणि कारण पुढे कधी तरी शोधते. या भोळेपणामुळेच एका पिढीचे दुसऱ्या पिढीच्या हाती न सांडता जाते. सुगरणीचा खोपा अप्रतिम असतो, पण नातवाच्या खोप्याला आजोबांच्या खोप्याहून एक खोली जास्त असत नाही. माणसाच्या झोपडीला मात्र पडवी येते, पडवीला ओटा येतो, ओट्यावर पाणीपात्र येते. शिकविणेदेखील सर्वस्वी माणसाचेच आहे असे नव्हे; आफ्रिकेतील मीरकॅट नावाचा मुंगसाच्या कुळातील प्राणी आपल्या पिलांना आधी मेलेला विंचू देतो, मग नांगी तोडलेला जिवंत विंचू देतो आणि शेवटी धडधाकट विंचू देतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. प्राथमिक शिक्षणशास्त्रातील सोप्याकडून कठिणाकडे जाण्याचे सूत्र त्याला कोणी सांगितले, कोण जाणे! परंतु मीरकॅटचा धडा विंचवापाशी संपतो. माणसाच्या धड्यावर पुढचा धडा चढतो.

हे मुलांना सांगावयाचे कसे? भाकरी घेऊन सांगावे. वर्गातील एखाद्या मुलाच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा समोर ठेवावा आणि विचारावे, ही कोणी केली? "आईने." आईला कोणी शिकवली? "आजीने." पीठ कोठून आले? जाते किंवा चक्की कोणी केली? तवा कोणी घडविला? लोखंड दगडातून निघते हे पहिल्यांदा कोणाला सुचले असेल? विस्तव कोणी राखला? दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क नावाच्या गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे आईच्या चुलीचा धागा इतका मागे जातो. ज्वारी हे रानगवत होते. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतील सुदानच्या परिसरात कोणा शेतकऱ्यांनी त्याची टपोरी कणसे निवडून निवडून पेरली आणि त्याचे पीक केले. ते पुढे हिंदुस्थानात आले. मिरची तर अमेरिकेतील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती येण्यापूर्वी या देशातील एकाही चुलीवर मिरचीचा ठेचा होत नव्हता. ठेच्याशिवाय भाकरी खाणारे पूर्वज ही कल्पना मुलांना मोठी चमत्कारिक वाटते आणि म्हणूनच ती ध्यानात राहते.

यात सांगावयाचे ते एवढेच की, ही भाकरी एकट्या आईने केली नाही. सुदानमधल्या निनावी शेतकऱ्याने, मिरचीचे बी जपणाऱ्या अमेरिकेतल्या बाईने, लोहाराने, पाथरवटाने आणि आजीने मिळून ती केली. जगात असा एकही माणूस नाही की जो रानगवतापासून भाकरीपर्यंतचे सर्व एकट्याने नव्याने शोधून काढील. माणूस दुसऱ्याचे घेतो, त्यात घालतो आणि पुढे देतो. तोही त्याला, ज्याला त्याने कधी पाहिलेले नसते. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, कशेळी, बारसू येथील सड्यांवर कोणी अनामिकांनी कातळात हत्ती, वाघ आणि मासे कोरून ठेवले आहेत. ज्यांनी कोरले त्यांची भाषा गेली, नावे गेली. पण त्यांनी पाहिलेला हत्ती आजचे मूल पाहते. कोकणातील शिक्षकांनी आपल्या मुलांस हे सडे अवश्य दाखवावेत, मात्र चित्रावर पाय देऊ नये असे आधी बजावून.

याच दृष्टीने मुलांना आणखी एक गोष्ट दाखविता येते. गाईचे वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत धडपडत उभे राहते. माणसाच्या बाळाला त्यासाठी जवळजवळ वर्ष लागते, आणि जन्मतः त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या चौथ्या हिश्श्याहून थोडाच अधिक असतो. बाळ इतके दुबळे का, असा प्रश्न मुले विचारतात. घरी नवे बाळ आलेले असले तर हमखास विचारतात. उत्तर असे की, बाळाला घेण्यासारखे पुष्कळ असते आणि ते देणारी माणसे भोवती असतात, म्हणून त्याला एवढा काळ लागतो आणि परवडतो. वर्षाच्या आसपासचे बाळ कडेवरून चंद्राकडे बोट दाखविते. त्याला चंद्र हवा असतोच असे नाही. आईनेही तो पाहावा, एवढेच हवे असते. माणसाळलेला चिंपांझी खाऊसाठी बोट दाखविल, पण नुसते "हे बघ" म्हणण्यासाठी बोट दाखविणे हे त्याच्यात क्वचितच आढळते. माणसाच्या शाळेचा पाया त्या बोटात आहे. आणि हे बोट न बोलणाऱ्या मुलालाही असते, पाढा न येणाऱ्यालाही असते. ज्यांना बोटही उचलता येत नाही, अशा मुलांची गोष्टही फार निराळी नाही. त्यांना कोणी घास भरवितो, कोणी त्यांच्या डोळ्यांची उघडझाप वाचण्यास शिकतो, आणि जे शिकले ते दुसऱ्या आईला सांगतो. घेण्यादेण्याच्या या साखळीत तेही असतातच.

मोठ्या इयत्तांतील मुले एक प्रश्न आवर्जून टाकतात: "माकडापासून माणूस झाला, तर आताची माकडे माणसे का होत नाहीत?" येथे प्रश्नातच चूक आहे, आणि ती घरच्या नात्याने सहज सुधारता येते. चुलतभाऊ हा बाप नव्हे. दोघांचे आजोबा एक, एवढेच. चिंपांझी हा माणसाचा चुलतभाऊ. दोघांचे सामाईक पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेले, आणि तेव्हापासून दोन्ही घरे आपापल्या वाटेने वाढली. चुलतभाऊ आपल्यासारखा झाला नाही म्हणून तो अर्धवट राहिला असे कोणी म्हणत नाही. एखादे मूल "देवाने माणूस केला" असे म्हणेल. त्याची थट्टा करू नये, त्याच्या घरचे म्हणणे खोडण्याचा अट्टाहासही करू नये. जे हाडांवरून आणि दगडांवरून समजते ते सांगावे आणि पुढे जावे.

एक गोष्ट पाठात सांगावयाची नसली तरी शिक्षकाने मनात वागविली पाहिजे. माणूस हा शब्द कोणाला लावावयाचा, हे माणसांनी वेळोवेळी आपल्या सोयीने ठरविले आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुरे पीत होती, पाखरे पीत होती, आणि माणसांतील एका वर्गाला मात्र त्याची मनाई होती. १९२४ साली महाड नगरपालिकेने ते तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला, तरी तो कागदावरच राहिला; २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, आणि न्यायालयातील वाद १९३७ पर्यंत चालला. ज्यांनी मनाई केली ते बोलत होते, हत्यारे करीत होते, आणि त्यांना बुद्धीही होती. फळ्यावरील वाक्याची तिन्ही लक्षणे त्यांच्या ठायी पुरेपूर होती.

आता प्रत्यक्ष पाठाविषयी. हा पाठ एका तासिकेत उरकू नये. तीन दिवस घ्यावे. पहिल्या दिवशी वर्गाबाहेर पडावे आणि खोपा, वारूळ, मुंग्यांची रांग, जे काही परिसरात असेल ते दाखवावे. पाहताना "हे आपल्याला करता येईल का?" असे विचारावे, उत्तर बहुधा नाही असेच येईल, आणि ते येऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी काल-उद्याच्या वाक्यांचा खेळ आणि भाकरीचे प्रश्न घ्यावेत. शास्त्रज्ञांची नावे आणि साल या वयात सांगू नयेत, ती शिक्षकाच्या माहितीसाठी आहेत. पेटीच्या प्रयोगाची गंमत मात्र वर्गात करून पाहण्यासारखी आहे. खडूच्या डब्यात शेंगदाणे ठेवून झाकण उघडण्यापूर्वी शिक्षकाने विनाकारण डब्यावर दोन टिचक्या माराव्यात आणि मग डबा एकेका मुलाकडे द्यावा. बहुतेक मुले टिचक्या मारतील. मग ती कोणाकोणाचे आणखी काय काय उचलतात, याची यादी शिक्षकाने वर्गाबाहेर, एकांतात, स्वतःपुरती करावी. गुरुजी कुत्र्याला कसे हाकलतात, बाई मागल्या बाकावरच्या मुलीला कोणत्या स्वरात हाक मारतात, ही टिचक्यांचीच जात आहे.

परीक्षेत "माणूस हा ____ प्राणी आहे" अशी रिकामी जागा घालू नये. तिचे एकच उत्तर तपासनिसाच्या वहीत असते. त्याऐवजी तिसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाला एकेक कागद द्यावा. डाव्या बाजूला "मला हे येते" आणि उजव्या बाजूला "हे मला यांनी शिकवले" असे दोन रकाने असावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावे, आणि ज्यांना चित्रही काढता येत नाही त्यांचे शेजाऱ्याने विचारून लिहावे. पोहणे, गोटी नेमकी मारणे, गाईला पाण्यावर नेणे, धाकट्याला झोपविणे, काहीही चालेल. उजव्या रकान्यात आजोबा येतील, मामा येईल, शेजारच्या घरची ताई येईल. गुरुजींचे नाव कमी वेळा आले तर वाईट वाटून घेऊ नये. कागदाच्या तळाशी चार बोटे जागा कोरी सोडावी. वर्ष संपल्यावर हे कागद मुलांना परत न देता शाळेच्या कपाटात ठेवावेत आणि पुढील वर्षी दुसरीत येणाऱ्या मुलांच्या हाती द्यावेत. मोठ्यांच्या कागदावरील एखादी गोष्ट शिकून घेऊन, जमली की त्याच कोऱ्या जागेत त्यांनी आपले नाव घालावे. कपाटाला वाळवी लागत असेल तर कागद पत्र्याच्या पेटीत ठेवावेत.